अकरा दिवसांची भट्टी

सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी भट्टीवरचा तापमानाचा आकडा ब्याण्णव होता. चाळीसच्या खाली आल्याशिवाय झाकण उचलायचं नाही, हा थोरलीचा नियम. तो घरात सगळ्यांना पाठ होता, तरी प्रत्येक जण काहीतरी निमित्त काढून मागच्या शेडमध्ये डोकावून गेला होता. आत्याने निमित्तसुद्धा काढलं नाही. दुकानातली खुर्ची तिने फरफटत आणली, भट्टीसमोर टाकली आणि बसली.

"अक्का, तिथे नको बसू," बाबा म्हणाले. "उघडताना धूळ उडेल."

"उडू दे. अकरा दिवस हे डबडं बंद आहे. पोटात काय आहे ते पहिल्यांदा मी बघणार."

"आत बाळंतपण नाही चाललेलं."

"बाळ्या, तुझ्या वेळी आई सोळा तास अडली होती. तेव्हाही मी अशीच दाराशी बसून होते. आणि काय निघालं, ते बघतेच आहे सत्तर वर्षं."

सूनबाई फिसकन हसली. बाबा हसले नाहीत. एरवी अक्काला उत्तर दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. आज ते नुसते भट्टीच्या उजव्या कोपऱ्याकडे बघत उभे राहिले. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

भट्टीत जे होतं ते साडेतीन फूट उंच, दोन फूट रुंद आणि आठ सेंटिमीटर जाड होतं. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. वाचनालयाची जुनी इमारत पाडायला घेतली तेव्हा थोरलीने तिथल्या वाचनकक्षातल्या लांब टेबलाच्या एका भागाचा ठसा घेतला होता. साठ-सत्तर वर्षांच्या कोपरांनी पडलेले खळगे, पेल्यांची वर्तुळं, कर्कटकाने कोरलेला फुली-गोळ्याचा अर्धवट डाव, सगळं त्या ठशात उतरलं होतं. त्याच इमारतीच्या खिडक्यांच्या काचा फोडून, धुऊन, तिने त्या साच्यात भरल्या. खिडक्या एकतीस वर्षांपूर्वी बाबांनीच बसवल्या होत्या: एकाच कारखान्याची, एकाच ट्रकने आलेली दोनशे चौदा तावदानं. नव्या इमारतीच्या प्रवेशदारात आता ते टेबल काचेचं होऊन उभं राहणार होतं. वाचनालयाची समिती ते पाहायला उद्या अकरा वाजता येणार होती. दाखवायला काही नसलं, तर त्या जागी मोठा स्क्रीन लावायचा, असं समितीतल्या दोघांनी आधीच सुचवून ठेवलं होतं.

बावीस वर्षं थोरलीने सन्मानचिन्हं, पेपरवेट आणि हॉटेलांच्या दारावरच्या पाट्या ओतल्या होत्या. लोकांनी येता-जाता हात लावावा अशा जागी तिचं एकही काम नव्हतं. हे पहिलं. धाकट्या भावाबरोबर मागच्या वर्षी जे ठरलं होतं, तेही यावरच टांगलेलं होतं: हे काम अखंड निघालं तर शेड तिची, नाहीतर तिथे धाकट्याचं दुहेरी तावदानांचं काम सुरू होणार. दोघांनी तेव्हा हात मिळवले होते आणि त्यानंतर त्या विषयावर शब्द काढला नव्हता.

"किती?" धाकटा दुकानातून ओरडला.

"नव्वद," सूनबाई ओरडली.

"अजून? अगं, पंखा लावा की!"

"तू पंखा लाव आणि मग मी तुला एक लावते," थोरली म्हणाली. ती भट्टीमागे वाकून हवेच्या नळीची झडप बघत होती. भट्टीतून निघणारी गरम हवा त्या नळीने शेजारच्या कपाटात जाई आणि तिथे पुढचे साचे वाळत. सध्या त्यांच्याबरोबर आत्याच्या चार चादरीही वाळत होत्या. साच्यांचं प्लास्टरही निम्मं नवं, निम्मं जुने साचे कुटून चाळलेलं. छपरावरची सौर पॅनेल दुपारी जोरात असतात म्हणून सगळ्यात जास्त उष्णतेचे तास तिने दुपारीच बसवले होते. धाकटा याला 'ताईची काटकसर' म्हणे. थोरलीला तो शब्द मुळीच आवडत नसे. ती म्हणे, काच मुळात वाळू आणि आग आहे. वाळू एकदा वितळवून झाली आहे, आग तरी कमी लावू.

"मग त्या हॉटेलवाल्याच्या हिरव्या बाटल्या का नाही घेतल्यास?" आत्याने विचारलं. "तीन पोती फुकट देत होता बिचारा. मी शब्द टाकला होता तुझ्यासाठी."

"आत्या, बाटलीची काच वेगळी, खिडकीची वेगळी."

"काच ती काच."

"वितळताना एकच वाटतात. छान मिसळल्यासारख्या दिसतात. पण निवताना एक जास्त आक्रसते, एक कमी. दोघी एकमेकींना ओढत राहतात. मग तडकतात."

"लगेच?"

"लगेच, नाहीतर दोन महिन्यांनी, नाहीतर दोन वर्षांनी. कधी, ते सांगता येत नाही. तेच वाईट."

बाबांनी चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"आणि एखादाच तुकडा असला तर?" त्यांनी विचारलं. "म्हणजे एवढ्या सगळ्यात एक. तळहाताएवढा."

थोरली सरळ उभी राहिली.

"बाबा, काय घातलंत?"

*

पन्नास वर्षं काचेत काढलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं, यात नवल नव्हतं. बाबा काच कापत, घासत, चौकटीत बसवत. काच वितळवण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. त्यांच्या धंद्यात काचेला जाडी असते, रंग असतो, काठ असतो. ती आक्रसते हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर चौकटीत फट ठेवायची. पण एक काच दुसरीपेक्षा वेगळी आक्रसते, हे कळण्याचं त्यांना कधी कारणच पडलं नव्हतं.

बारा दिवसांपूर्वी थोरली साचा भरून हात धुवायला गेली, तेव्हा त्यांनी खिशातून तो तुकडा काढला होता. त्यांच्या वडिलांच्या, आबांच्या, पहिल्या दुकानाच्या दाराची काच होती ती. दार गेलं, दुकान बदललं, एवढा तुकडा कपाटात राहिला होता. वाचनालयाच्या खिडक्या त्यांच्या स्वतःच्या, ओतकाम मुलीचं. मग आबांचा हात त्यात नको का? वरचे चार तुकडे बाजूला सारून त्यांनी तो आत ठेवला, पुन्हा झाकला. तिला काम झाल्यावर सांगायचं, असं ठरवलं होतं. आश्चर्याचा धक्का म्हणून.

आता ते सगळं त्यांनी सांगितलं. दोन वाक्यांत.

त्यांना वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कोणता कोपरा?" थोरलीने विचारलं.

"मी इथे असा उभा होतो. म्हणजे उजवा. मागचा."

"उलटल्यावर डावीकडे येईल. किती खोल?"

"वरचा थर. फार तर दोन बोटं."

"जाडी?"

"चार मिलिमीटर. जुनी, ओढून केलेली काच. लाटा असलेली."

तिने भिंतीवरच्या कागदावर आकृती काढली आणि डाव्या वरच्या कोपऱ्यात गोल केला. तिचा हात नेहमीसारखाच चालत होता. पेन्सिलीचं टोक मात्र गोल पुरा होता होता तुटलं.

"त्या काचेचा आणखी तुकडा आहे का?"

"नाही. तो एकच."

"आहे," आत्या म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"दुकानात आबांचा फोटो आहे ना, गल्ल्याच्या वर. त्याच्यावरची काच त्याच दाराची आहे. तूच कापून बसवलीस, बाळ्या. विसरलास?"

"कशाला हवाय तुकडा?" धाकटा दारात येऊन उभा होता. सूनबाईने त्याला बोलावून आणलं होतं.

"दोन्ही काचांची पट्टी एकमेकींवर ठेवून बर्नरवर तापवायची आणि ओढून धागा काढायचा," थोरली म्हणाली. "धागा सरळ राहिला तर दोघींचं जमतं. वाकला, तर नाही."

"फोटोची काच फोडायची?" धाकटा म्हणाला. "ताई, आत्या इथे बसलीये."

"मी बसलेय, मेले नाही," आत्या म्हणाली. "फोटो काढून घे आणि काच दे तिला. आबा आयुष्यभर काचा फोडत आले. त्यांना काही वाटायचं नाही. आणि नीट काढ, चौकटीला ओरखडा आला तर बघ."

धाकटा पळतच गेला. चाळिशी उलटलेला माणूस दुकानातून असा पळताना सूनबाईने लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिला.

*

अकरा वाजता आकडा एकाहत्तर होता. धागा निघायला दहा मिनिटं लागली.

थोरलीने वाचनालयाच्या काचेची पट्टी आणि फोटोच्या काचेची पट्टी एकावर एक धरून ज्योतीत नेल्या. टोकं लाल झाली, मग पिवळी, मग एकमेकींना चिकटून लोंबू लागली. तिने चिमट्याने टोक धरलं आणि हात लांबवत मागे सरकली. केसाहून थोडा जाड, हातभर लांब धागा हवेत तयार झाला.

पहिले दोन सेकंद तो सरळ होता.

"जमलं!" धाकटा म्हणाला.

"थांब."

धागा निवत गेला तसा वळू लागला. सावकाश, कुणी बोटाने ओढल्यासारखा. शेवटी त्याची चांगली कमान झाली.

"कोणाच्या बाजूला?" बाबांनी विचारलं. आवाज घाबरलेला असला तरी त्यांना ते जाणून घ्यायचं होतं.

"आबांच्या. त्यांची काच जास्त आक्रसते."

"हट्टी होतेच ते," आत्या म्हणाली.

यावर धाकटाच पहिल्यांदा हसला, मग सूनबाई, आणि मग, डोळे पुसत, थोरलीही. हसून झाल्यावर परिस्थिती होती तशीच होती. आत काच तडकलेली असेल. किंवा अखंड असेल आणि कधीतरी तडकेल. झाकण उचलल्याशिवाय यापुढे काही कळण्यासारखं नव्हतं, आणि झाकण आत्ता उचललं तर थंड हवेनेच ती तडकेल. अडीच तास थांबायचं होतं.

त्या अडीच तासांत कुणी जेवलं नाही. धाकट्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. सूनबाई दर दहा मिनिटांनी आकडा मोठ्याने वाचत होती: चौसष्ट, एकोणसाठ, पंचावन्न. शेडच्या वाटपात ती आजवर नवऱ्याच्या बाजूने होती, तिने ते लपवलंही नव्हतं. पण सत्तेचाळीसला तिच्या लक्षात आलं की ती मनातल्या मनात 'निघ, अखंड निघ' म्हणते आहे आणि शेडचा विचार तिला तासाभरात एकदाही आलेला नाही.

एक वाजून चाळीस मिनिटांनी आकडा अडतीस झाला.

"उचला," थोरली म्हणाली.

*

झाकण वर गेलं, धूळ उडाली, आत्या खोकली आणि जागची हलली नाही. छताला टांगलेल्या चेनब्लॉकने साचा वर ओढून बाहेर काढायला पंचवीस मिनिटं लागली. मग सगळ्यांनी मिळून प्लास्टर फोडायला सुरुवात केली: लाकडी हातोड्या, हलके ठोके, तुकडे बादलीत, कारण तेही पुन्हा कुटायचे होते. आधी एक काठ मोकळा झाला. हिरवट, खोल, पाण्याच्या टाकीत वाकून बघावं तसा. मग दुसरा. काच पट्ट्यांनी बांधून उभी केली आणि थोरलीने पाण्याचा फवारा मारला.

प्लास्टरचा शेवटचा चुरा वाहून गेला आणि टेबल दिसू लागलं. कोपरांचे खळगे उजेडाने भरले होते. पेल्यांची वर्तुळं एकमेकांत अडकलेली होती. वरच्या डाव्या कोपऱ्यात फुली-गोळ्याचा डाव स्पष्ट उमटला होता. फुलीची पुढची खेळी जिंकण्याची होती.

एकही तडा नव्हता.

"अगं बाई गं!" सूनबाई किंचाळली आणि तिने थोरलीला मिठी मारली. धाकट्याने बादलीवरच ताल धरला. आत्या खुर्चीतून उठली, पुढे झाली आणि एका खळग्यात कोपर टेकवून उभी राहिली.

"माझ्या मापाचा आहे," ती म्हणाली.

बाबा लांबच थांबले होते. थोरलीने फडताळातून काळसर फिल्मचे दोन मोठे चौकोन काढले. जुन्या, फेकलेल्या संगणकांच्या पडद्यांतून तिने ते सोडवले होते. एक काचेच्या मागे दिव्यापुढे, एक पुढे डोळ्यांसमोर. दोन्ही आडवे-उभे जुळवले की सगळं काळं दिसतं. काचेत जिथे ओढ असेल तिथेच उजेड पडतो. तिने खालून सुरुवात केली. काळं. मध्ये काळं. उजवा काठ काळा. डावीकडे, वर, फुली-गोळ्याच्या मागे, तळहाताएवढा पांढरा डाग पेटला. त्याच्या कडेने निळी-पिवळी किनार होती.

"किती सुंदर दिसतंय," सूनबाई म्हणाली, आणि मग तिला कळलं ते काय होतं.

"पण अखंड आहे," धाकटा म्हणाला. "ताई, ऐक. अखंड आहे. उद्या समिती येईल, बघेल, जाईल. कोण फिल्म घेऊन येणारे?"

"मलाही तसंच वाटतं," आत्या म्हणाली. "दोन वर्षांनी तडकेल नाहीतर पन्नास वर्षांनी. तेव्हा आपण कुठे?"

"मी असेन," सूनबाई म्हणाली. "अहो, दारात उभी राहणार आहे ती. मुलं टेकतील. आत्याबाई आत्ता टेकल्या तशी."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?" धाकट्याने विचारलं.

"टेकणाऱ्यांच्या."

थोरलीला धाकट्याचं म्हणणं पटत नव्हतं, पण मोहात पाडत होतं, आणि ते तिला कळत होतं. बावीस वर्षं. उद्या अकरा वाजता. नुसतं गप्प राहायचं होतं.

"कापा," बाबा म्हणाले.

ते पुढे आले. "दोनशे चौदा तावदानं मी तिथे लावली. एकतीस वर्षांत एकही कुणाच्या अंगावर पडलं नाही. आता त्याच दारात माझ्यामुळे काच पडायची असेल, तर त्यापेक्षा इथेच फुटू दे. तो कोपरा कापून टाका."

"कोपरा नाही," धाकटा लगेच म्हणाला. तो काचेजवळ गेला होता आणि त्याचा आवाज बदलला होता. "कोपरा कापला तर आतल्या कोनातून तडा धावेल. कापायचं तर आरपार, सरळ. डाग संपतो त्याच्याही खाली." त्याने बोटं लावून मोजलं. "साडेबारा सेंटिमीटर. वरचा सगळा पट्टा."

"फुली-गोळा जाईल," सूनबाई म्हणाली.

"जाईल."

थोरलीने भावाकडे बघितलं. "कापताना ओढ सुटली तर सगळं तडकू शकतं."

"शकतं. भट्टीतलं मला ओ का ठो कळत नाही, ताई. पण करवत माझी आहे. ती लाव म्हणालीस तर लावतो. नको म्हणालीस तर उद्या आपण दोघं गप्प बसू."

"लाव," ती म्हणाली.

*

करवत पाण्यावर चालणारी, हिऱ्याच्या कडेची होती. धाकट्याने नवं पातं चढवलं, वेग निम्म्यावर आणला आणि काच रबरी गादीवर आडवी घेतली. रेघ थोरलीने मारली. त्याने ती पुन्हा मोजली आणि अर्धा मिलिमीटर सरकवली.

"ताई, तू मागे हो."

"माझं काम आहे ते."

"म्हणूनच. तुझा हात लागला की मी तुझ्याकडे बघणार. मागे हो."

ती मागे झाली. तीन वाजून पाच मिनिटांनी पातं काचेला भिडलं. दुधाळ पाणी वाहू लागलं. मिनिटाला एक सेंटिमीटर, कधी त्याहून कमी. बाबांना आवाजावरून सगळं कळत होतं: पातं खुशीत आहे, पातं कुरकुरतंय, आता दम दे. दोनदा त्यांनी "दम दे" म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा त्याआधीच धाकट्याने हात सैल केला.

शेवटच्या पाच सेंटिमीटरला तो थांबला.

"पट्टा खालून धरायला हवा. आता लोंबला तर स्वतःच्या वजनाने मोडेल आणि मोडताना तडा आत शिरेल. बाबा."

"मी?"

"तुमच्याएवढी काच कुणी उचललीये इथे?"

बाबांनी बाह्या सारल्या, दोन्ही तळवे पट्ट्याखाली घातले आणि पाय रोवले. उचलायचं नव्हतं, दाबायचं नव्हतं; वजन जिथल्या तिथे ठेवायचं होतं. चार. तीन. पातं कुरकुरलं. दोन. आत्या डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. नंतर तिने सांगितलं की ती आबांना शिव्या देत होती.

मग आवाज एकदम मोकळा झाला आणि पट्टा बाबांच्या हातात आला.

कुणी ओरडलं नाही. थोरली फिल्म घेऊन धावली. धाकट्याने आणि सूनबाईने काच उभी केली, दिवा लावला. खाली काळं. मध्ये काळं. नव्या काठाजवळ ती रेंगाळली, इंच इंच सरकली, पुन्हा मागे आली.

"काळं," ती म्हणाली. मग मोठ्याने, "सगळं काळं!"

आता मात्र सगळेच ओरडले. धाकट्याने ओल्या हातांनी बहिणीला उचललं, तिने त्याच्या डोक्यात टपली मारली, आत्या "पडाल, पडाल" म्हणत टाळ्या वाजवत होती. त्याच गोंधळात टेबलावर ठेवलेल्या पट्ट्यातून 'टिक' असा बारीक आवाज आला. बाबा तेवढे वळले. पट्ट्याच्या डाव्या टोकाला एक तडा उगवला होता. त्यांच्या डोळ्यांदेखत तो आबांच्या तुकड्याला वळसा घालून पुढे गेला, जिथून निघाला तिथे परत पोचला, आणि तळहाताएवढी काच अलगद सुटी झाली.

"बघा, बघा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "अरे, कसा गेलाय बघा! मला जमला नसता असा काप."

थोरली त्यांच्याशेजारी येऊन उभी राहिली. फुली-गोळ्याचा डाव दोन भागांत तुटला होता.

"हे दारात झालं असतं," बाबा म्हणाले.

"हो."

तिने फोन काढला आणि ग्रंथपालबाईंना लावला. काम तयार आहे, पण ठरल्यापेक्षा उंची कमी झाली आहे, चौकट बदलावी लागेल, असं तिने सांगितलं. पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. समितीतले ते दोघं याच कारणाची वाट बघत असतील, उंची का कमी झाली याचं लेखी आणि पटेल असं उत्तर लागेल, असं बाईंचं म्हणणं होतं.

"लेखी देते. तुटलेला भागही उद्या टेबलावर ठेवते, सगळ्यांना फिल्ममधून दाखवते," थोरली म्हणाली. तिने क्षणभर विचार केला. "आणि ज्यांनी तुमच्या जुन्या खिडक्या बसवल्या होत्या, ते इथे आहेत. का कापलं, ते त्यांच्याकडूनच ऐका."

तिने फोन पुढे केला. बाबांनी हात पँटला पुसले.

"नमस्कार, बाई. चूक माझी आहे," ते म्हणाले, आणि मग त्यांना थांबवणं कठीण झालं. काच निवताना आक्रसते, प्रत्येक काच सारखी आक्रसत नाही, हे मला आज त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. धागा काढून बघतात, असा, हे असा. फोन खांद्यात दाबून ते दोन्ही हातांनी हवेत धागा ओढत होते आणि बाईंना तो दिसत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "वाकला, बाई, धागा वाकला! मग काय करणार? मुलगा म्हणाला, आरपार कापू. तेरा सेंटिमीटर..."

"साडेबारा," थोरली आणि धाकटा एकदमच म्हणाले.

"साडेबारा," बाबा फोनमध्ये म्हणाले. "लिहून घ्या. साडेबारा."